जुनी मोटार : दुरुस्ती किती काळ?

मोटार जुनी झाली की दुरुस्तीचे प्रत्येक देयक चुकते करताना मालकाच्या मनात एकच विचार येतो : आजवर एवढा खर्च केला, आता थोड्यासाठी ती कशाला काढावी? हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. झालेला खर्च गाडी विकली तरी परत येत नाही आणि ठेवली तरी येत नाही. तुलना करावयाची ती येत्या वर्षाच्या दुरुस्तीची आणि नव्या गाडीपायी दरवर्षी पडणाऱ्या घसारा, व्याज व वाढीव विमा यांची. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने उतरते. म्हणून जुन्या गाडीचे इंजिन उघडावे लागले तरी पुष्कळदा दुरुस्तीच स्वस्त पडते.

मात्र दुरुस्ती कशाची, हे पाहिले पाहिजे. टायर, बॅटरी, क्लचप्लेट हे झिजणारेच भाग. ते नव्या गाडीतही बदलावे लागतात. सांगाडा गंजला, तर गोष्ट वेगळी. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत गंज आतून पोखरीत जातो आणि वरचा रंग शाबूत दिसतो. अशा गाडीत माणसे बसविणे हा काटकसरीचा प्रश्न राहत नाही.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. तपासणीनंतर ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते व महाराष्ट्रात त्यावेळी पर्यावरण कर भरावा लागतो. शासकीय व पंचायतींच्या वाहनांना १ एप्रिल २०२३ रोजी अमलात आलेल्या नियमाने अशी मुदतवाढ उरली नाही. अपवाद संरक्षण व सुरक्षेच्या खास वाहनांचा. तेव्हा पंचायत समितीच्या जीपचे मोठे काम चौदाव्या वर्षी मंजूर करण्यापूर्वी लॉगबुकाबरोबर नोंदणीची तारीखही पाहावी.