आज्ञावलीचा वेळ कोठें जातो?

शनिवारीं अमावास्या आली म्हणजे नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापुरास यात्रेकरूंची किती दाटी होते, हें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. अशा रांगेची गति तिच्यांतील सर्वांत अरुंद जागा ठरविते. बाहेरील रस्ता दुप्पट रुंद केला, तरी लोक त्या अरुंद जागेपाशीं लवकर येऊन थांबतील, इतकेंच. आणि मौज अशी कीं, रांगेच्या शेवटीं उभ्या असलेल्या मनुष्यास ती जागा दिसत नाहीं. तो केवळ तर्क करीत राहतो.

विद्यार्थी मित्रहो, संगणकाच्या आज्ञावलीचेंही असेंच आहे. समजा, एका शाळेंत ६०० विद्यार्थ्यांचीं गुणपत्रकें तयार करणारी आज्ञावली आहे व तिला २० मिनिटें, म्हणजे १२०० सेकंद लागतात. सोनई, घोडेगांव येथून आलेले पालक निकालाच्या दिवशीं ताटकळत बसतात. कोणी म्हणतो, क्रमांक लावण्याचा भाग जड असावा. कोणी म्हणतो, नवा वेगवान संगणक घ्यावा. परंतु त्या संगणकाचे पैसे पालकांच्या फीमधूनच यावयाचे!

अशा वेळीं मोजणी करावी. हिलाच प्रोफायलिंग म्हणतात. एक रीत अशी कीं, आज्ञावलीच्या प्रत्येक भागाच्या आरंभीं व अंतीं घड्याळ पाहून तो कितीदां व किती वेळ चालला, याची नोंद ठेवावयाची. पण वारंवार घड्याळ पाहण्यांतही वेळ जातो व मूळ काम मंदावतें. दुसरी रीत अधिक चतुर आहे. सेकंदास १०० वेळां डोकावून, या क्षणीं कोणता भाग चालू आहे, एवढेंच टिपावयाचें. १२०० सेकंदांत १,२०,००० टिपणें होतात. ज्या भागाचें नांव जितक्या अधिक वेळां सांपडेल, तितका त्यानें वेळ घेतला असें समजावें. १९८२ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील ग्रॅहॅम, केसलर व मॅक्यूसिक यांनीं जीप्रोफ नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. त्यांत डोकावणें व गणना या दोहोंचा मेळ असून, कोणत्या भागानें कोणत्या भागास कामास लाविलें, हेंही त्यांत दिसतें.

आपल्या गुणपत्रकांची मोजणी केली असतां असें दिसलें, असें धरूं: क्रमांक लावण्यास २ सेकंद, छपाईस ५८, आणि विषयांचीं नांवें शोधण्यास ११४०! प्रत्येक विषयाचें नांव लिहितांना दुसऱ्या खोलींतील संगणकावरची यादी नव्यानें उघडली जात होती. ७ विषयांप्रमाणें ४२०० वेळां. क्रमांक लावणें क्षणार्धांत झालें असतें, तरी दोनच सेकंद वांचले असते. नव्या संगणकानेंही ही खेप टळली नसती. यादी आरंभीं एकदांच वाचून स्मृतींत ठेविली कीं काम सुमारें एका मिनिटांत होतें.

हा प्रकार विरळा नव्हे. डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७१ सालीं फोरट्रॅन भाषेंतील अनेक आज्ञावली तपासल्या, तेव्हां चार टक्क्यांहून कमी मजकूर अर्ध्याहून अधिक वेळ खातो, असें त्यांस आढळलें.

महासंगणकही या नियमांतून सुटत नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेल्या परम ८००० मध्यें अनेक प्रक्रियक एकत्र राबत असत. आतां, ६४ प्रक्रियक कामास लाविले, पण कामाचा पांच टक्के भाग एकट्यानेंच करावयाचा असला, तर वेग ६४ पट न वाढतां सुमारें १५ पटच वाढेल. आणि प्रक्रियक कितीही वाढविले तरी २० पटींपलीकडे जाणार नाहीं. हें गणित अ‍ॅमडाल यांनीं १९६७ सालीं मांडलेल्या विचारावरून निघतें.

दुरुस्तीनंतर मोजणी पुनः करावी, कारण अरुंद जागा आतां हलली आहे. गुणपत्रकांच्या एका मिनिटांत जवळजवळ सर्व वेळ छपाईचा आहे. तो यंत्राचाच वेग. आणि एवढा वेळ पालक खुशाल थांबतील.