डेमो गाडी मागायला कोणत्या तोंडाने जाऊ?

शंका : मी कळंबचा. गाड्यांची माहिती देणारे, बरं-वाईट सांगणारे व्हिडिओ करायचे आहेत. एका शोरूममध्ये गेलो, तर "फॉलोअर किती?" एवढंच विचारलं. फॉलोअर नाहीत म्हणून गाडी मिळत नाही आणि गाडी नाही म्हणून फॉलोअर होत नाहीत. सुरुवात कुठून करू?

समाधान : शोरूमपासून करूच नका. तुमच्या भावकीत, गल्लीत ज्या गाड्या उभ्या आहेत, तिथून करा. साठ हजार किलोमीटर पळालेली गाडी आणि शेजारी तिचा मालक, हा तुमचा पहिला व्हिडिओ. सर्व्हिसिंगला किती लागले, गावातल्या स्पीडब्रेकरला खालून घासते का, कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागे क्लच दाबून पाय भरून येतो का, हे तो पोटतिडकीने सांगेल. नव्या गाडीचं कौतुक करणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. एमएच-२५ च्या गाडीची हकीगत आपल्याच माणसाने सांगायला हवी.

अॅव्हरेज तोंडी सांगू नका, मोजा. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, कळंब-येरमाळा-येडशी-धाराशिव असं जाऊन या, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. किलोमीटरला लिटरने भागा आणि दोन्ही पावत्या दाखवा. गाडीत माणसं किती होती, एसी चालू होता का, तेही सांगा. महागड्या कॅमेऱ्याआधी कॉलर माइक घ्या. माळावर वारं सुटलं की मोबाइलमध्ये तुमचा शब्द ऐकू येत नाही.

असे पाच-सहा व्हिडिओ झाले की शोरूमला जा. शनिवार-रविवारी किंवा दसऱ्याच्या गर्दीत नको, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. सेल्स मॅनेजरला काम दाखवा आणि डेमो गाडी दोन तासांसाठी मागा. गाडी कोण चालवणार, इंधन कुणाचं, ओरखडा आला तर खर्च कुणाचा, हे आधी लिहून घ्या. आरसी, विमा, पीयूसी डोळ्यांनी पाहा. नोंदणी न झालेली गाडी विक्रेत्याच्या व्यवसाय प्रमाणपत्रावर दिली, तर ती नाकारा. ते प्रमाणपत्र होणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवण्यासारख्या ठरावीक कामांसाठीच असतं.

किंमत सांगताना ऑन-रोडच सांगा. आपल्याकडे पेट्रोल, डिझेल, सीएनजी यांचा रोड टॅक्स वेगवेगळा आहे. सुरक्षेबद्दल बोलताना 'पत्रा जाड आहे' यावर थांबू नका. भारत एनकॅप ही आपली धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या मॉडेलची चाचणी झाली असेल तर तारे सांगा, नसेल तर तसं सांगा.

शंका : मी उमरग्याचा. एक विक्रेता व्हिडिओमागे पैसे द्यायला तयार आहे. अट एकच, गाडीतली खोट बोलायची नाही. घेऊ का?

समाधान : पैसे घेण्यात पाप नाही, पण मग ती जाहिरात झाली. तिला परीक्षण म्हणू नका. 'जाहिरात' हा शब्द पडद्यावर ठळक लिहा आणि तोंडानेही सांगा. खालच्या मजकुरात लपवू नका. रोख नाही, नुसती भेटवस्तू मिळाली तरी हे सांगावंच लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रचार करणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर प्रचारबंदी होऊ शकते.

दंडाहून मोठी गोष्ट सांगतो. सुरुवातीला मीही एका विक्रेत्याच्या शब्दाखातर मागच्या सीटची अडचण गाळली होती. ओळखीच्या एका गुरुजींनी तो व्हिडिओ पाहून तीच गाडी घेतली. त्यांच्या आईला त्या सीटवर गुडघे दुमडून बसावं लागतं. गुरुजी मला काही बोलले नाहीत; मला मात्र ते अजून सलतं. तुमचा प्रेक्षक सोयाबीनच्या पैशात कर्ज मिसळून गाडी घेतो. त्याच्यापासून खोट लपवायची अट असेल, तर तो सौदा सोडा.

शंका : तुळजापूरच्या घाटात गाडी चालवता चालवता एका हातात मोबाइल धरून बोललं तर चालेल का?

समाधान : अजिबात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली तो गुन्हा आहे. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, शूटिंग शेजारच्याला करू द्या, दोघांनीही पट्टा लावा. नवशिक्याला बोलणं आणि घाट एकाच वेळी पेलत नाही. पहिले काही व्हिडिओ गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी करूनच करा.