घटक ४ : संग्राहक आणि त्याचा वारसा – औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला
• भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कलासंग्रहाचे स्वरूप सांगता येईल.
• खाजगी मालकी आणि सार्वजनिक वारसा यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ‘प्रतिनिधी’ या शब्दाच्या अर्थाचा या चरित्राशी असलेला संबंध उलगडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, श्रीमंत माणसाने सुंदर वस्तू जमवाव्यात यात नवल नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. तो गेल्यावर त्या वस्तूंचे काय होते? वाटण्या होतात, लिलाव होतो, की त्या सर्वांसाठी खुल्या होतात? या प्रश्नाचे एक उत्तर सातारा जिल्ह्यातील औंध या गावी पाहावयास मिळते.

४.३ चरित्र आणि संग्रह

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ साली झाला. १९०९ साली ते औंध संस्थानाचे अधिपती झाले. हे संस्थान अवघ्या ७२ गावांचे होते. तरीही लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० साली येथेच जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीलाही भवानरावांनी भरीव अर्थसाहाय्य दिले.

ते स्वतः चित्रकार होते. १९१६ साली त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांची निवड केवळ पैशाची राहिली नाही. तिला जाणत्या हाताची आणि डोळ्याची जोड होती. १९३८ साली औंधच्या टेकडीवर त्यांनी श्री भवानी संग्रहालय उभारले. तेथे पहाडी व मुघल शैलीची लघुचित्रे आहेत, राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आहे. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या गावातील शेतकऱ्याच्या मुलाला ही कला घराजवळ पाहता यावी, हे या स्थाननिवडीचे मोल आहे.

४.४ ‘निधी’ आणि ‘प्रतिनिधी’

आता शब्दाकडे वळू. संस्कृतातील ‘नि + धा’ म्हणजे ठेवणे. त्यापासून ‘निधी’ म्हणजे ठेव, साठा. आणि ‘प्रतिनिधी’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी ठेवलेला. छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजी येथे हे पद निर्माण केले. पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात ते वंशपरंपरेने चालले. पदनाम आडनावासारखे झाले, की त्यातील मूळ अर्थ झिजतो. येथेही तो झिजला होता.

भवानरावांच्या उत्तरायुष्यात तो अर्थ पुन्हा जागा झालेला दिसतो. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने औंधची राज्यघटना अमलात आली आणि राज्यकारभार लोकनियुक्त प्रतिनिधींकडे सोपवला गेला. संग्रहालय आणि राज्यघटना यांत अवघे एक वर्षाचे अंतर आहे, हे लक्षात घ्या. संस्थानिकाचा पैसा अखेर रयतेच्या साऱ्यातून येतो. म्हणून संग्रह लोकांना खुला करणे याला दानापेक्षा परतफेड म्हणणे अधिक योग्य ठरेल. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली भवानराव निवर्तले. संग्रहालय मात्र आज राज्य शासनाच्या व्यवस्थेखाली सुरू आहे.

४.५ समारोप

हा घटक मी पावस येथे लिहीत आहे. येथील घरांच्या माळ्यांवर घंगाळ, रोवळी, इरले अशा वस्तू धूळ खात पडलेल्या असतात. वस्तू मोडीत गेली, की तिचे नाव तोंडातून जाते आणि नावाबरोबर ती वापरण्याची रीतही जाते. संग्रह करण्यासाठी संस्थान लागतेच असे नाही. ही ठेव आपली नसून पुढच्यांच्या वतीने आपल्याकडे आहे, एवढी जाणीव लागते.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी

१. ‘संग्रह लोकांना खुला करणे ही परतफेड आहे.’ या विधानाशी आपण सहमत आहात का? सकारण लिहा.
२. भवानराव स्वतः चित्रकार असण्याचा त्यांच्या संग्रहाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
३. उपक्रम : घरातील वापरातून गेलेल्या पाच वस्तू निवडा. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला विचारून प्रत्येकीचे स्थानिक नाव व उपयोग त्यांच्याच शब्दांत लिहून काढा.