मुरगावची जर्मन जहाजं

आपल्या बीडला समुद्र नाही, म्हणून नकाशात गोव्याचं मुरगाव बंदर शोधा. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता.

पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा जर्मनीच्या मालवाहू जहाजांनी पोर्तुगालच्या बंदरांत आसरा घेतला. काही मुरगावातही थांबली. इकडे ब्रिटनला जहाजं कमी पडू लागली. त्याने जुन्या मैत्रीची आठवण देऊन ती ताब्यात घ्यायला सांगितलं. फेब्रुवारी १९१६ मध्ये पोर्तुगालने ती जप्त केली. लगेच ९ मार्चला जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारलं! पुढे त्यातली बरीच जहाजं ब्रिटनलाच भाड्याने दिली गेली.

भाडं मिळालं, पण पोर्तुगालचे हजारो सैनिक युद्धात गेले.

विचार करा : जहाजं घेतल्यावर पोर्तुगाल तटस्थ राहू शकला असता का? वहीत दोन ओळी लिहा.