गिटारची पांढरी किनार: शेवटच्या चार तासांचे पैसे सोडू नका



हाताने बनवलेली गिटार गिऱ्हाईक हातात घेतं, तेव्हा आधी काय करतं? तार छेडण्याआधी कडेनं बोट फिरवतं. तिथली पांढरी पट्टी, म्हणजे बाइंडिंग, बोटाला लागली किंवा तिच्यावर लाकडाचा रंग उतरलेला दिसला, की भाव पडलाच समजा. आवाज कितीही गोड असो.

आपल्या केळापूर भागात सागवान आहे, सुतारकामात मुरलेले हात आहेत. पण सुतार आणि वाद्यकार यांच्यातला फरक अशा शेवटच्या कामातच दिसतो. मिरजेकडे बघा. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. त्या वाद्यांवरही सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि नक्षी असते, आणि ती साफ करणं हा कामाचाच भाग धरला जातो. आपणही तसंच धरायचं.

काम कसं करायचं?

१. घाई नको. पट्टी चिकटवल्यावर किमान एक दिवस तशीच राहू द्या. गोंद ओला असताना घासलं, तर पट्टी नंतर बसते आणि कड पुन्हा वरखाली होते.

२. आधी ब्लेड, मग पेपर. वर आलेली पट्टी धारदार ब्लेडने खरवडून लाकडाच्या पातळीला आणा. ब्लेड जवळजवळ उभं धरा, हलक्या हाताने ओढा. लाकडावरून सरकणाऱ्या भागाला टेप गुंडाळा, म्हणजे धार फक्त पट्टीलाच लागेल. गिटारची बाजू साधारण दोन मिलिमीटरच जाड असते. तिथे चूक परवडत नाही.

३. फट दिसली तर? पट्टी एबीएस किंवा सेल्युलॉइडची असेल, तर तिचाच कीस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून लगदा करा आणि फटीत भरा. सुकताना तो आकसतो, म्हणून थोडा वरच ठेवा. दुसऱ्या दिवशी खरवडा. आधी तुकड्यावर तपासा, कारण पीव्हीसी असं नीट विरघळत नाही.

४. मग पेपर. ३२०, ४००, ६०० या क्रमाने, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, पट्टीच्या लांबीत कोरडंच घासा. मध्ये मध्ये ब्रशने भुसा झटका. शिसवीसारख्या गडद लाकडाचा भुसा पांढऱ्या पट्टीत घुसला की ती मळकट दिसते.

५. रंग उतरलाय? थिनर किंवा अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवू नका! डाग पसरतो, पट्टीही विरघळते. लाकडाला रंग दिल्यावर सीलरचा पातळ हात द्या, सुकू द्या, मग पट्टीवरचा रंग ब्लेडने हलकेच खरवडा. पारदर्शक पॉलिश त्यानंतरच.

एक सूचना, ही मनावर घ्या. सेल्युलॉइडचा कीस भडकन पेटतो, अ‍ॅसिटोनची वाफही. जवळ बिडी, चूल, ग्राइंडरची ठिणगी नको. खिडकी उघडी, तोंडाला मास्क. कीस रोजच्या रोज उचला.

आता पैशाचं बोलू

हे काम आपण 'हात फिरवला' म्हणून सोडून देतो. हिशेबात धरतच नाही. उदाहरण घ्या. तुमची मजुरी तासाला १५० रुपये, कामाला ४ तास, म्हणजे ६००. ब्लेड, पेपर, टेप धरून आणखी १००. झाले ७००. दहा गिटारींवर सात हजार रुपये तुम्ही फुकट वाटताय!

उलट, घाईत पट्टी बिघडली तर ती उकरून काढा, नवी बसवा, पॉलिश पुन्हा करा. दोन-तीन दिवस गेले, आणि गिऱ्हाईकाला दिलेली तारीखही चुकली.

म्हणून पुढच्या गिटारीला घड्याळ लावा. वहीत तीन रकाने करा: खरवडणे, फटी भरणे, घासणे. प्रत्येकाला लागलेला वेळ लिहा. तुमचा खरा आकडा निघेल, तोच कोटेशनमध्ये धरा. गिऱ्हाईक 'एवढे कशाचे?' म्हणालं, तर बोलू नका. त्याचं बोट कडेवरून फिरवून दाखवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरायला घ्या!