मागच्या बाजूला काय लावलंय?

मिरजेत अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. २८ सप्टेंबर २०१५ ला सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा रस्त्यावर गुलाल होता, ढोल लांबून ऐकू येत होते आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल आणि भाद्रपद सरला की दिवाळी अंक. एरवी मान वर करायला सवड नसते. त्या दिवशी होती, आणि तीच नडली.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, जूनपासून एक छोटी पांढरी खिडकी येऊन बसली होती. विंडोज १० फुकट आहे, घेऊन टाका, हे तिचं रोजचं पालुपद. २९ जुलैला ते बाजारात आलं होतं आणि विंडोज ७ वापरणाऱ्यांना वर्षभर फुकट होतं. फुकट म्हटलं की आपलं काय होतं ते मी सांगायला नको. दाबलं बटण. दोन-अडीच तासांत मशीन नवंकोरं दिसायला लागलं. सुरूही झटकन व्हायचं. मी खूश.

दुपारी पेजमेकर उघडला. तोही बिनतक्रार उघडला. एका स्थानिक दिवाळी अंकाचा तिसरा फर्मा समोर आला, सोळा पानं, मजकूर जसाच्या तसा. पहिल्याच कवितेत ‘दिपावली’ असं पडलं होतं, ते दीर्घ करायला गेले. कळ दाबली तर पानावर अर्धा ‘ष’ उमटला. दुसरी दाबली, नुसती उभी दांडी. तिसरीला रफार, तोही हवेत लटकलेला.

ज्यांनी या धंद्यात दिवस काढलेत त्यांना हे लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगते. आमचे जुने मराठी फॉन्ट युनिकोड नव्हेत. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवलेले असतात. ‘के’च्या घरात कुठला अर्धा वर्ण, ‘एम’च्या घरात कुठला काना. तुम्ही मराठी कळ दाबली की कोणते तुकडे कोणत्या क्रमाने टाकायचे, हे ठरवणारा एक प्रोग्रॅम मागे चालू असावा लागतो. आणि तो चालायला लागतं डोंगल, म्हणजे अंगठ्याएवढं कुलूप, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचलेलं. कुलूप सापडलं नाही तर प्रोग्रॅम हात वर करतो. कुलूप सापडायला त्याचा ड्रायव्हर लागतो, आणि माझा ड्रायव्हर जुन्या सीडीवरचा, विंडोज एक्सपीच्या काळातला. नव्या सिस्टीमने त्याला ओळखच दाखवली नाही. फॉन्ट जागेवर होते म्हणून सगळं वाचता येत होतं. कुलूप नव्हतं म्हणून एक वेलांटी फिरवता येत नव्हती.

संध्याकाळी भाचा आला. म्हणाला, “मावशी, घाबरतेस कशाला, महिनाभर मागे जाता येतं.” तेव्हा खरंच महिन्याची मुदत होती. (पुढच्या वर्षीपासून ती दहा दिवसांवर आली, विंडोज ११ वर जातानाही दहाच दिवस मिळतात.) तो सेटिंगमध्ये गेला आणि गप्प झाला. परतीचं बटणच नव्हतं. कारण जेवायला जाण्यापूर्वी मी आणखी एक शहाणपण करून ठेवलं होतं. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसली म्हणून सफाईचा प्रोग्रॅम चालवला, आणि ‘आधीचं विंडोज’ अशा नावाचा भलामोठा ढीग दिसला त्यापुढे खूण करून तो पुसून टाकला. परतीचा रस्ता तोच होता. नदी ओलांडल्यावर नाव मीच जाळली.

मग काय, फॉरमॅट. विंडोज ७ पुन्हा, पेजमेकर पुन्हा, फॉन्टची सीडी पुन्हा, आणि ती सीडी अर्ध्यावर अडखळणारी. अंकाची पानं डी ड्राइव्हवर होती, वाचली. पण डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या रात्री आठवलं नाही इतकंच. लेखकांच्या हातच्या दुरुस्त्या टाकलेलं फोल्डर डेस्कटॉपवर होतं. गेलं. इकडून तिकडून जमवलेले शीर्षकांचे फॉन्टही गेले. जुनी पत्रिका उघडली की ‘श्री’च्या जागी चौकोन. अडीच दिवस बुडाले. अंकाचे संपादक रोज दोनदा दुकानात येऊन उभे राहायचे. ओरडले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, “ताई, दिवाळीनंतर अंक येणार असेल तर सांगा, तुळशीच्या लग्नात अक्षतांबरोबर वाटू.”

ज्यांच्याकडून फॉन्ट घेतले होते त्यांना चौथ्या दिवशी फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “नवा ड्रायव्हर आहे की आमच्याकडे. आधी विचारलं असतंत तर पाठवला असता.” आणि वर, “पण सीझनमध्ये कोण असलं करतं?”

त्या फोनने मला जे शिकवलं ते कुठल्या कॉम्प्युटर क्लासात शिकवत नाहीत. आपण विचारतो, नवी सिस्टीम चांगली आहे का? चांगलीच असते बहुधा. विचारायला हवं ते हे, की माझं पोट कशावर अडकलंय, आणि ते ‘कशावर’ नव्या घरात येणार आहे का? माझं पोट पेजमेकरवर नाही, अंगठ्याएवढ्या डोंगलवर अडकलं होतं. शेजारच्या सीएच्या ऑफिसातला मुलगा मध्यंतरी विचारायला आला, “काकू, अकरा टाकू का?” मी म्हटलं, मशीन फिरव, मागच्या बाजूला काय काय लावलंय ते सांग. निघालं काय, तर डिजिटल सहीचं टोकन, पावत्यांचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि एक स्कॅनर. म्हटलं, या तिन्हींच्या नावाने एकेक फोन किंवा एकेक शोध, मग बटण. टोकनचा ड्रायव्हर मिळाला, प्रिंटर चालला, स्कॅनरच्या कंपनीने मात्र नव्या विंडोजसाठी काही काढलेलंच नव्हतं. त्याला ते आधी कळलं. मला नंतर कळलं होतं.

तारा-खुंट्या झाल्या की प्रोग्रॅम. इथे एक खाच आहे जी पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. जुन्या सीडींवर गंमत अशी असते की प्रोग्रॅम ३२-बिट असतो पण त्याचा सेटअप १६-बिट. म्हणजे वस्तू चालली असती, पण खोका उघडत नाही. मॅकवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे २०१९ च्या कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले.

आता माझी दुसरी चूक सांगते, कारण पहिलीवर लोक हळहळतात आणि दुसरी मीही बरीच वर्षं शहाणपण म्हणून मिरवली. हात पोळल्यावर मी ठरवलं, आता काही म्हणजे काही बदलायचं नाही. रागारागात अपडेटही बंद केले. अपडेट आणि अपग्रेड यांत मी गल्लत केली. अपडेट म्हणजे पावसाळ्याआधी कौलं चाळणं, अपग्रेड म्हणजे घर बदलणं. घर बदलायचं नसेल तर कौलं जास्त काळजीने चाळायला हवीत, मी तीच सोडली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं, जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागत. त्याच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, अपडेटमधून दिलेला होता. ज्यांनी तो घेतला ते वाचले. मी घेतला नव्हता. मी वाचले ते निव्वळ नशिबाने.

१४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चे अपडेटच थांबले. मी तरीही नेट लावून बसले. मग एकेक दार बंद व्हायला लागलं. क्रोम १०९ वर येऊन थांबलं, पुढचं विंडोज ७ वर बसेना. बँकेची साइट ‘ब्राउझर जुना आहे’ म्हणून परत पाठवायची. आणि एका शाळेच्या बाईंचा पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लावून दिला, तो त्यांच्या शाळेत उघडला तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी गॅदरिंगची पत्रिका मात्र दुसरीकडे छापली गेली.

तेव्हा कुठे डोकं चाललं. जुन्या मशीनची नेटची वायर काढली. ते आता दुकानाच्या कोपऱ्यात आहे, विंडोज ७, पेजमेकर आणि डोंगलसकट, आणि त्याला बाहेरचं जग माहीत नाही. कुणाची जुनी वंशावळ, कुणाचा पंचवीस वर्षांपूर्वीचा गौरवग्रंथ आला की ते सुरू होतं. नव्या कामाला दुसरं मशीन घेतलं, विंडोज १०, युनिकोड, इनडिझाइन. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण डोळे मिटून विश्वास टाकू नका. एका प्रवासवर्णनात सह्याद्रीच्या ‘दऱ्याखोऱ्या’ होत्या, त्यांचं ‘दर्याखोर्या’ झालं. लेखक समुद्रावर पोचला. ऱ्हस्व वेलांटीही अशीच, जुन्या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी टाकलेली असते, कन्व्हर्टर चुकला की शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. बदलीचा हा खर्च कुणी सांगत नाही. सिस्टीम दोन तासांत बदलते, मजकुराचं प्रूफ महिनाभर वाचावं लागतं.

आणि आता पुन्हा तेच दार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चेही अपडेट थांबले, तेही दिवाळीच्या तोंडावर, जसं काही मला चिडवायलाच. दुकानातलं मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीचं. विंडोज ११ ची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. तुमचं मशीन त्यामानाने नवं असेल आणि तरी ‘चालणार नाही’ म्हणत असेल तर लगेच भंगारात काढू नका. पुष्कळदा चिप असते, बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. माझ्यात तीही भानगड नाही, मशीनच जुनं. आडवाटेने ११ टाकून देणारे गावात दोघे-तिघे आहेत. घरच्या गाणी ऐकायच्या लॅपटॉपवर हवं तर करा. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्यावर पोट आहे तिथे मी बिनहमीची गोष्ट ठेवणार नाही.

भाचा म्हणाला, लिनक्स. मी म्हटलं, आण. आता मी कशालाच आधी नाही म्हणत नाही आणि हो तर मुळीच म्हणत नाही. लिनक्सची खरी सोय ही, की पेनड्राइव्हवरून ते चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. मुलगी बघायला गेल्यासारखं, पोहे खाऊन परत यायला कुणाची बंदी नाही. लिनक्स मिंट घातलेला पेनड्राइव्ह लावून आठ दिवस रोज अर्धा तास बसले. इन्स्क्रिप्टने मराठी लगेच उमटलं, ‘दऱ्या’सकट. लिब्रेऑफिसमध्ये पतसंस्थेचा अहवाल उघडला, तक्ते थोडे सरकले. घरचा प्रिंटर आपणहून सापडला, दुकानातला लेझर काही केल्या बोलेना. इनडिझाइन लिनक्सवर नाही, पेजमेकर आणि डोंगलचा प्रश्नच नाही. म्हणजे दुकानासाठी नाही. पण ह्यांच्या लॅपटॉपसाठी? ह्यांचं काम पेपर वाचणं, मेल आणि नाट्यसंगीत. त्यावर मिंट टाकलं, आता तीन आठवडे झाले, तक्रार एकच: पत्त्यांचा खेळ वेगळा दिसतो.

दुकानातल्या मशीनसाठी एक वर्षाची मुदतवाढ घेतली. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय आहे. तीस डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग जोडून ठेवलं तर बिनपैशाने. हा इलाज नव्हे, तारीख पुढे ढकलणं आहे. पण तारीख आपण निवडायची की त्यांनी, एवढा फरक त्यात आहेच. तोवर दर शनिवारी बाहेरच्या हार्डडिस्कवर कामाची प्रत, आणि महिन्यातून एकदा क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कचं चित्र, फॉन्टांसकट, डेस्कटॉपसकट. ते चित्र एकदा सुट्या डिस्कवर उतरवून, मशीन सुरू होतंय का तेही पाहिलं. न तपासलेला बॅकअप म्हणजे न उघडलेली फराळाची बरणी, आत चकल्या आहेत की नुसता डबा, कुणास ठाऊक.

नवं मशीन घेणार आहे. कधी, तेही ठरलंय. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. अधिक मासात लग्नं नाहीत, म्हणजे पत्रिका नाहीत. जुनं मशीन शेजारी चालू ठेवून नव्यावर निवांत सगळं बसवायला बरोबर एक महिना मिळतो. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मे महिन्यात मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: आधी फॉन्टवाल्यांना फोन.