फितीवरील राखीव प्रत : एका अक्षराचा फरक

संगणकातील नोंदींची राखीव प्रत चुंबकीय फितीवर ठेवण्याची पद्धत जुनी असली तरी ती कालबाह्य झालेली नाही. युनिक्समधील ‘टार’ या आज्ञेचे नावच मुळी ‘टेप आर्काइव्ह’वरून आले आहे.

युनिक्स प्रणालीत टेप ड्राइव्हदेखील फाईलसारखाच नावाने ओळखला जातो. लिनक्समध्ये पहिल्या ड्राइव्हला ‘एसटी०’ आणि ‘एनएसटी०’ अशी दोन नावे असतात. पहिल्या नावाने प्रत घेतल्यास काम संपताच फीत आपोआप आरंभापर्यंत गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने घेतल्यास ती आहे तेथेच थांबते. समजा, विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदींची प्रत ‘एसटी०’वर घेतली आणि पाठोपाठ हिशेबाची घेतली, तर हिशेब प्रवेशनोंदींवरच लिहिला जातो. संगणक चकार शब्द काढीत नाही! म्हणून एकाच फितीवर अनेक प्रती ठेवावयाच्या असल्यास ‘एनएसटी०’च वापरावे. फीत काढून पुन्हा घातली की ती आरंभाशी येते. अशा वेळी ‘एमटी’ या आज्ञेला ‘ईओडी’ सांगून आधी नोंदींच्या अखेरीस जावे आणि ‘स्टेटस’ विचारून जागेची खात्री करावी.

‘टार’ एका वेळी साधारणपणे १०,२४० बाइटांचा गट लिहिते. हा आकार बदलला असल्यास वेष्टनावर नोंदवावा, कारण वाचताना तो न जुळल्यास उत्तम फीतही वाचता येत नाही. प्रत घेतल्यावर ‘टार’कडूनच तिची यादी वाचून घ्यावी, आणि मगच फितीची लेखनबंदी खूण सरकवून ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी.